पाण्याचा जमाखर्च दसऱ्याला मांडा



आज मी तुमच्याशी पाण्यासंबंधी चार गोष्टी बोलणार आहे. पाऊस कसा झाला, धरण किती भरले, याची चर्चा आपण श्रावण-भाद्रपदात करतो. नदी दुथडी भरून चालली आहे हे पाहून समाधान पावतो. पण पाणी पुरते की नाही याची परीक्षा भाद्रपदात होत नसते. ती वैशाखात होते. ज्या गावची विहीर वैशाखात हंडा भरून देते, त्या गावाला पाणी आहे असे म्हणावे. बाकीच्या गावांत पाणी पाहुण्यासारखे येते आणि निघून जाते.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर जाण्याचा योग आला. कोरड्या नाल्याच्या पात्रात कमरेएवढा खड्डा खणलेला होता. तुम्ही त्याला झिरा म्हणता. तळाशी पाणी पाझरत होते, आणि एक म्हातारी आजी वाटीने ते उचलून हंड्यात ओतत होती. पाच-सहा वाट्या झाल्या की थांबायचे, पुन्हा पाझरू द्यायचे, पुन्हा भरायचे. तिच्या मागे आणखी सात-आठ हंडे रांगेत होते. मी धारेवर चढून पाहिले, तर खाली लांबवर नर्मदेचा अथांग फुगवटा उन्हात चमकत होता. परत येऊन मी सहज म्हटले, "आजी, खाली एवढे पाणी दिसते आहे!" आजी पावरी बोलीत काहीतरी म्हणाली. सोबतच्या गुरुजींनी त्याचा अर्थ सांगितला : "भाऊ, ते पाणी खाली आहे आणि माझं घर वर आहे."

मंडळी, आपल्या जिल्ह्याच्या पाण्याचे सारे दुखणे या एका वाक्यात आले.

जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा आपला नंदुरबार जिल्हा. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे त्याचे सहा तालुके. उत्तरेच्या हद्दीवर नर्मदा, मधून वाहणारी तापी, आणि या दोघींच्या मध्ये सातपुडा. इतक्या मोठ्या दोन नद्या ज्यांच्या वाट्याला आल्या, असे जिल्हे महाराष्ट्रात फार थोडे. तापीवर प्रकाशा आणि सारंगखेडा येथे बॅरेज बांधलेले आहेत. खाली गुजरातेत १९७२ साली पुरे झालेले उकाई धरण आहे. त्याचा फुगवटा आपल्या हद्दीपर्यंत येतो. सरदार सरोवराचे पाणी अक्कलकुवा आणि अक्राणीच्या दऱ्यांत शिरले. आपल्याकडची ३३ गावे त्यात बाधित झाली. नर्मदा पाणीवाटप लवादाने १९७९ साली निवाडा दिला, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला १०.८९ टीएमसी पाणी आले. म्हणजे कागदावर पाहिले तर पाण्याला तोटा नाही.

मग आजीच्या हंड्यात ते का येत नाही? याचे उत्तर शाळेतल्या गणितात आहे. सरदार सरोवर पूर्ण भरले तरी त्याची पातळी समुद्रसपाटीपासून १३८.६८ मीटर. तोरणमाळचे पठार जवळजवळ साडेअकराशे मीटरांवर. मधल्या उतारांवर आपले पाडे विखुरलेले आहेत. एखादा पाडा पाण्यापासून चारशे मीटर उंचावर आहे असे धरा. हजार लिटर पाणी तेथवर चढवायला, पंपाची आणि नळातील घर्षणाची तूट धरून, सुमारे दोन युनिट वीज लागते. हजार माणसांच्या वस्तीला माणशी ५५ लिटर द्यायचे, तर रोज शंभराहून अधिक युनिटे नुसती पाणी चढवण्यात गेली. पुन्हा वीज गेली तर पाणी गेले, पंप जळला तर पाणी गेले, पावसाळ्यात दरड कोसळून नळ फुटला तरी पाणी गेले. हे अशक्य आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु ते स्वस्त नाही, आणि आपोआप तर मुळीच नाही.

सपाटीवरच्या मंडळींनाही हा अनुभव आहे. बॅरेजमध्ये पाणी उभे, आणि तापीकाठच्या सहकारी उपसा योजना मात्र वर्षानुवर्षे बंद. कोठे विजेचे बिल थकलेले, कोठे पंप नादुरुस्त, कोठे जमिनीखालचे नळ गळके. नदी डोळ्यांसमोर भरलेली आणि पीक डोळ्यांसमोर वाळलेले! पाणी साठवणे वेगळे आणि ते भरवशाचे करणे वेगळे, हे या योजनांनी आपल्याला शिकवले. आपल्या वाट्याचे पाणी आपण मागितलेच पाहिजे, आणि ते मिळाल्यावर योजना चालत्या ठेवल्या पाहिजेत. पण मोठे पाणी येईल तेव्हा येईल. तोवर जे पाणी दरवर्षी कोणी न पाठवता आपल्या दारी येते, त्याचा हिशोब कोणी ठेवायचा?

गुरुजी, येथे फळ्यावर एक उदाहरण मांडा. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटर पाणी झाले. म्हणजे मोठा टँकर भरून पाणी. नवापूर, अक्कलकुवा बाजूला पाऊस जास्त आणि पूर्वेकडे कमी. आपण हिशोबाला ७०० मिलिमीटर धरू. तर एका हेक्टरवर वर्षाला सातशे टँकर पाणी पडले, सत्तर लाख लिटर. गावाचे शिवार ७०० हेक्टरांचे असेल, तर आकाशातून पडलेले पाणी झाले ४९० कोटी लिटर.

आता खर्च पाहा. गावात हजार माणसे. २०१९ साली जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरांचे माप ठरवले आहे. त्याप्रमाणे वर्षाला दोन कोटी लिटर झाले. गुरेढोरे पाचशे धरली, तर त्यांना आणखी एक कोटी. एकूण तीन कोटी. कोठे ४९० आणि कोठे तीन! पडलेल्या पावसातले शंभर थेंब घेतले, तर माणसांना आणि गुरांना मिळून एक थेंबसुद्धा पुरा लागत नाही. तरीही वैशाखात आपण टँकरची वाट पाहतो.

याची कारणे दोन. पहिले असे की, पाऊस चार महिन्यांतल्या मोजक्या दिवसांत पडतो आणि डोंगरउतारावरून तासाभरात नाल्याला लागतो. अलीकडे तर महिनाभराचा पाऊस दोन दिवसांत कोसळतो आणि मग पंधरवडाभर ढग फिरकत नाही, असे तुम्हीच सांगता. दुसरे कारण असे की, जे थोडे पाणी जमिनीत मुरते, ते दिवाळीनंतर कोणी किती उपसायचे याला काही नेम नाही. पहिले दुखणे मातीचे आहे, दुसरे माणसांचे. पहिल्यावर औषध सोपे आहे, दुसऱ्यावर अवघड. म्हणून दोन्ही सविस्तर पाहू.

आपला बहुतेक जिल्हा काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर बसलेला आहे. भाकऱ्या एकावर एक रचाव्यात तसे या खडकाचे थर आहेत. विहीर खोदणाऱ्या मंडळींना हे पुस्तकावाचून ठाऊक असते. वर मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या, खाली कठीण काळा कातळ. मुरमात आणि मांजऱ्यात पाणी राहते. अखंड कातळात ते फक्त भेगांतून फिरते. डोंगरउतारावर जेथे मांजऱ्याचा थर उघडा पडतो आणि खाली कातळ लागतो, तेथे झरा फुटतो. म्हणून झरा आटला की झऱ्यापाशी खणून उपयोग नसतो. त्याच्या डोक्यावरची टेकडी पाहावी लागते. तेथले गवत गेले असेल, झाडी तुटली असेल, तर पाणी मुरायला थांबणार कोठे? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? तेव्हा औषध टेकडीवर करायचे. समतल चर खणायचे, घळीत दगडी बांध घालायचे, काही वर्षे चराई आणि कुऱ्हाड बंद ठेवायची.

सातपुड्याचा दक्षिण उतार संपतो तेथे, शहादा-तळोद्याच्या उत्तर अंगाला, आणखी एक नवल आहे. डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा आणि वाळूचा एक पट्टा पायथ्याशी पसरला आहे. भूशास्त्रज्ञ त्याला बझाडा म्हणतात. नाला या पट्ट्यात शिरला की त्याचे पाणी चाळणीतून जावे तसे खाली जाते. त्याच्या दक्षिणेला तापीकाठचा खोल गाळाचा प्रदेश. तेथे केळी, पपई आणि ऊस पिकवणाऱ्या कूपनलिकांना पुरवठा करणारे पाणी बरेचसे या चाळणीतूनच जात असते. सपाटीवरच्या बागाईतदार बंधूंनो, हे ध्यानात ठेवा. वरच्या पाड्यातला माणूस उतारावर चर खणतो, तेव्हा तो तुमच्या कूपनलिकेचे खातेही भरत असतो. डोंगर आणि सपाटी यांची घरे दोन असली तरी पाण्याचे खाते एकच आहे.

आपल्याला लागूनच असलेल्या शिरपूर तालुक्यात २००४ पासून मोठे काम झाले. भूशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद आणि खोल करण्यात आले, ओळीने सिमेंटचे बंधारे बांधले गेले, आणि विहिरींना पाणी आले. ते पाहायला दूरदूरची माणसे आली. ते पाहण्यासारखे आहेच. पण त्याबरोबर भूजलाच्या जाणकारांनी दिलेला इशाराही ऐका. गाळाच्या जमिनीत जे चालते ते कातळात चालत नाही. खडक न तपासता वाटेल तेवढा खोल नाला खणला, तर पाणी मुरण्याऐवजी शेजारच्या विहिरीचेच पाणी नाल्यात उतरते. यंत्र आणण्यापूर्वी भूजल सर्वेक्षण खात्याच्या माणसाला नाला दाखवा, आणि गावातल्या जुन्या विहीर खोदणाऱ्यालाही सोबत न्या.

हे झाले मातीचे दुखणे. आता माणसांच्या दुखण्याकडे वळू.

शंभर थेंबांपैकी आपल्या खडकात ढोबळमानाने दहा-बारा मुरतात. आपण दहा धरू. म्हणजे वर सांगितलेल्या गावाच्या जमिनीत ४९ कोटी लिटर पाणी गेले. माणसे आणि गुरे यांचे तीन कोटी काढून ठेवले, तर ४६ कोटी उरले. रब्बीला हरभरा घेतला तर हेक्टरी सुमारे पंचवीस लाख लिटर लागतात. गव्हाला पन्नास लाख. आणि पाटाने पाणी दिलेल्या उसाला सुमारे दोन कोटी. दोन कोटी हा आकडा ओळखीचा वाटतो ना? हजार माणसांच्या गावाचे वर्षभराचे पिण्या-वापरण्याचे पाणी तेवढेच होते. उरलेल्या ४६ कोटींत हरभरा होईल १८४ हेक्टर, गहू ९२ हेक्टर, आणि ऊस अवघा २३ हेक्टर. हा सारा हिशोब पाणी शेवटच्या थेंबापर्यंत उपसता येते असे धरून केला आहे. प्रत्यक्षात तसे येत नाही आणि तसे करूही नये. पाऊस निम्मा झाला, तर या आकड्यांचे निम्मे किंवा त्याहूनही कमी होतील. गावातली माणसे मात्र निम्मी होत नाहीत!

ऊस लावणाऱ्याला दोष द्यावा म्हणून मी हे सांगत नाही. ज्याला हमीचा पैसा उसात दिसतो, तो ऊस लावणारच. पण उसाला, केळीला ठिबक करा. लागवड पाणी पाहून करा. आणि सर्वांत आधी पिण्याचे तीन कोटी बाजूला काढा, एवढे म्हणण्याचा गावाला अधिकार आहे की नाही?

आहे. आणि हा काही नवा विचार नव्हे. आपल्या जुन्या धुळे जिल्ह्यात, पांझरा नदीच्या काठी, तीन-चारशे वर्षे फड पद्धत चालत आली. नदीत बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची सारी जमीन साधारण चार फडांत वाटलेली. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. यंदा पाणी किती, हे पाहून किती फड भिजवायचे आणि ऊस कोणत्या फडात करायचा, की करायचाच नाही, हे सर्वांनी बसून ठरवायचे. पाटकरी पाणी देणार, जागल्या राखण करणार, हवालदार देखरेख करणार, आणि त्यांचा मोबदला शेतकरी देणार. पाणी ज्याच्या त्याच्या मर्जीने कोणी घ्यायचे नाही. आणि नर्मदेच्या पलीकडे, आजच्या अलिराजपूर जिल्ह्यातल्या भिताडा गावी, भिल्ल बांधवांनी डोंगराच्या कडेकडेने दगडांचे पाट काढले, त्यांना सागाची पाने आणि चिखल यांचे अस्तर दिले, आणि दरवर्षी पावसाळा सरला की सर्वांनी मिळून ते दुरुस्त केले. पोटापुरते लिहिता-वाचता येत नव्हते अशा माणसांनी पाण्याची वाटणी करून दाखवली. मग आपल्याला शाळा, ग्रामपंचायत, मोबाईल सारे असताना ती का जमू नये?

आजचीही उदाहरणे आहेत. साक्री तालुक्यातले बारीपाडा हे आदिवासी गाव आपल्याला जवळचे. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने त्या गावाने १९९० नंतरच्या काळात चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखले. कुऱ्हाडीला बंदी केली, नियम मोडणाऱ्याला दंड लावला, दगडी बांध घातले. जंगल परत आले तसे विहिरींचे पाणीही परत आले. चैत्रामभाऊंना २०२५ साली पद्मश्री मिळाली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाला आपल्यापेक्षा कमी पाऊस मिळतो. तेथे दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद वाचला जातो आणि त्यावरून पिके ठरतात. शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही, ऊस-केळी करायची नाही, असे त्या गावाने स्वतःवर बंधन घालून घेतले. तुमच्या गावाने हेच नियम करावेत असे नाही. पण नियम असावा, तो सर्वांनी मिळून केलेला असावा, आणि श्रीमंताला आणि गरिबाला सारखा लागू असावा.

तेव्हा माझी सूचना अशी. दसऱ्याच्या सुमारास प्रत्येक गावाने, आणि डोंगरात प्रत्येक पाड्याने, पाण्याचा जमाखर्च मांडावा. पाऊस संपलेला असतो, विहिरी भरलेल्या असतात, आणि रब्बीची पेरणी व्हायची असते. पेरणी झाल्यावर हिशोब मांडून काय उपयोग? तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखेच ते.

काम कसे करावे ते सांगतो. पहिले काम शाळेचे. सरळ भिंतीचा एखादा डबा, वरचे आणि खालचे तोंड सारखे असलेला, मोकळ्या जागी ठेवावा. रोज सकाळी आठ वाजता त्यात साचलेले पाणी पट्टीने मोजावे आणि डबा रिकामा करावा. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. सातवीची मुले हे काम हौसेने करतात. दुसरे, गावातल्या पाच-सहा विहिरी निवडाव्यात. एक उंचवट्यावरची, एक मधली, एक नाल्याकाठची, याप्रमाणे. दोरीला दगड बांधून ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा पाण्याची खोली मोजावी. आपले भूजल खातेही निरीक्षण विहिरी याच महिन्यांत मोजते. मुले विहिरीजवळ जाताना मोठे माणूस सोबत असलेच पाहिजे, हे मात्र विसरू नका. डोंगरातल्या पाड्यांनी झऱ्याखाली हंडा धरून तो किती वेळात भरतो ते लिहावे. त्याला घड्याळाशिवाय काही लागत नाही.

हे आकडे शाळेच्या किंवा पंचायतीच्या बाहेरच्या भिंतीवर, सर्वांना दिसतील असे, मोठ्या अक्षरांत लिहावेत. वहीतला हिशोब वहीतच राहतो. भिंतीवरचा हिशोब चौघांच्या तोंडी होतो.

तिसरे काम ग्रामसभेचे. जमेच्या बाजूला पाऊस आणि विहिरींची पातळी, खर्चाच्या बाजूला माणसे, गुरे आणि मग शेती, याच क्रमाने मांडणी व्हावी. पिण्याची विहीर राखीव ठरवावी. १९९३ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानेच असे म्हटले होते की, पिण्याच्या सार्वजनिक पाण्याच्या उगमापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेता येणार नाही. आपल्या अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना तर १९९६ च्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांच्या नियोजनाचे काम पंचायतींकडेच सोपवले आहे. म्हणजे हा अधिकार कोणाकडे मागायला जायचे नाही. तो वापरायचा आहे.

चौथे काम हातांचे. दसरा ते दिवाळी या दिवसांत नाल्याला थोडी धार असते. तेव्हाच रिकाम्या सिमेंटच्या पिशव्यांत वाळू-माती भरून वनराई बंधारा घालावा. खर्च जवळजवळ नाही, आणि महिना-दोन महिने पाणी अडून राहते. गुरे पितात, शेजारच्या विहिरी तग धरतात. हा मुहूर्त साधलाच पाहिजे, कारण दिवाळी झाली की आपल्याकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. मग बंधाऱ्याला हात कोठून आणायचे? ही माणसे होळीला परततात. काठीची होळी असो की तुमच्या पाड्याची, सारे एकत्र जमतात. तेव्हा हिशोबाची उजळणी करावी : दसऱ्याला काय ठरले, किती पाळले गेले, आणि पावसापर्यंत काय उरले आहे? उन्हाळी पिकाला पाणी द्यायचे की नाही, हे त्या दिवशी ठरावे.

शाळांच्या छपरांविषयी एक गोष्ट राहिली. शंभर चौरस मीटर छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सत्तर हजार लिटर पाणी होते. सांडलवंड सोडून छप्पन्न हजार हाती येते. शंभर मुलांना पिण्यासाठी रोज चार लिटर धरले, तर हे पाणी १४० दिवस पुरेल. एवढी मोठी टाकी प्रत्येक शाळेला परवडणार नाही, हे मी जाणतो. पण दहा हजार लिटरची बांधली, तरी पंचवीस दिवस झाले. आणि ते पंचवीस दिवस मार्च-एप्रिलमधले असतील तर मुली हंडा घेऊन नाल्यावर जाण्याऐवजी वर्गात बसतील. पहिल्या दोन-तीन पावसांचे पाणी वाहू द्यावे, तोंडाला जाळी लावावी, टाकी झाकलेली असावी, आणि पाणी उकळून किंवा औषध टाकून प्यावे.

आता एक शंका तुमच्या मनात आली असेल. कोणी म्हणेल, "विहीर माझी, जमीन माझी, मोटार माझी, मग पाण्यावर गावाची सत्ता कशी?" प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून चालणार नाही. विहीर तुमची, हे खरे. पण विहिरीत येणारे पाणी कोठून येते? ते शेजाऱ्याच्या बांधाखालून येते, गायरानाखालून येते, वरच्या पाड्याच्या टेकडीवरून येते. एकाने दोनशे फूट बोअर घेतला की दुसरा तीनशे घेतो, तिसरा चारशे. या शर्यतीत ज्याच्याकडे पैसा तो दोन वर्षे जिंकतो. मग कर्ज आणि कोरडा बोअर हे दोन्ही घरी येतात. आणि ज्याच्याकडे पैसा नाही, त्याची बायको पहिल्याच वर्षी झिऱ्यावर बसते. हिशोब मांडल्याने सर्वांची सगळी तहान भागेल असे वचन मी देत नाही. वाईट सालात कोणाला तरी ऊस सोडावा लागेल, कोणाचे तरी उन्हाळी भुईमूग राहील. ते मन मोडून करावे लागेल. पण हे दसऱ्याला ठरले, तर माणूस दुसरे पीक पेरू शकतो. तेच वैशाखात कळले, तर नुसते नुकसान आणि भांडण.

बंधुभगिनींनो, ती आजी त्या दिवशी पाऊण तास बसली तेव्हा तिचा एक हंडा भरला. नर्मदेचे पाणी तिच्या दारी कधी पोहोचेल, हे तिच्या हातात नाही. तिच्या डोक्यावरच्या टेकडीवर चर खणणे, झऱ्याची राखण करणे आणि पाड्याचा हिशोब मांडणे मात्र आपल्या हातात आहे. येत्या दसऱ्याला सोने लुटण्याआधी गावाने तासभर शाळेच्या भिंतीपाशी बसावे, खडू गुरुजींच्या हाती द्यावा, आणि पहिल्या ओळीत पिण्याचे पाणी लिहावे. उरलेल्या ओळी मग तुमच्या तुम्ही भरा.